लायब्ररी-आवृत्तींची एकवाक्यता (मोबाइल अ‍ॅप)

एकाच संस्थेची किंवा विभागाची दोन वा अधिक मोबाइल अ‍ॅप ज्या बाहेरच्या लायब्रऱ्या वापरतात, त्यांची आवृत्ती सर्व अ‍ॅपमध्ये एकच राहावी यासाठी केलेली व्यवस्था. लायब्ररी म्हणजे दुसऱ्याने लिहून ठेवलेला, आपल्या अ‍ॅपमध्ये आयता जोडता येणारा कोड. सर्व्हरशी संपर्क, फोटो दाखवणे, फोनमध्ये नोंदी साठवणे ही कामे बहुतेक अ‍ॅप अशा कोडवर सोपवतात. एका पाहुण्याबरोबर त्याचे नातलगही यावेत तशी बहुतेक वेळा लायब्ररी आपल्या गरजेच्या आणखी लायब्रऱ्या घेऊन येते. गोंधळ बहुधा या न बोलावलेल्यांमुळे होतो.

हा विषय नेहमी अ‍ॅप बांधणाऱ्या संगणकाच्या बाजूने मांडला जातो. प्रस्तुत नोंदीत तो ते अ‍ॅप वापरणाऱ्या फोनच्या बाजूने, ठाणे जिल्ह्यातील शहापूर व मुरबाड या तालुक्यांच्या संदर्भात घेतला आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यावर ठाणे जिल्ह्याचा डोंगराळ, आदिवासी वस्तीचा भाग मुख्यतः या दोन तालुक्यांत उरला. शहापुरातील आसनगाव ते कसारा हा पट्टा रेल्वेवर आहे. मुरबाडहून माळशेज घाटाकडे मात्र रस्ताच आहे, आणि सह्याद्रीच्या पायथ्याच्या पाड्यांत मोबाइलचे नेटवर्क बेभरवशाचे असते.

२०२१ या एका वर्षात गावपातळीवरची तीन मोठी सरकारी अ‍ॅप आली. अंगणवाडीसाठी पोषण ट्रॅकर मार्चमध्ये, रोजगार हमीच्या हजेरीसाठी एनएमएमएस मे महिन्यात आणि शेतकऱ्याने स्वतः पीक नोंदवण्यासाठी ई-पीक पाहणी १५ ऑगस्टपासून राज्यभर. एनएमएमएस १ जानेवारी २०२३ पासून जवळपास सर्व कामांवर सक्तीचे झाले. पहिल्या दोहोंचे धनी केंद्राची दोन वेगळी मंत्रालये, तिसऱ्याचा राज्याचा महसूल विभाग. या तिघांत एकवाक्यता ठेवणे कोणा एकाच्या हाती नाही. प्रत्येकाला ती आपापल्या अ‍ॅपपुरती ठेवता येते. फोनचा प्रश्न मात्र तिघांचा सामाईक आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये महाराष्ट्रातील अंगणवाडी सेविकांनी शासनाने दिलेले मोबाइल परत करण्याचे आंदोलन केले. कमी क्षमतेचे, वारंवार बंद पडणारे फोन आणि इंग्रजीत माहिती भरण्याची सक्ती या त्यांच्या तक्रारी होत्या. अ‍ॅपची चर्चा करताना हातातला फोन गृहीत धरायचा नसतो, हे त्या आंदोलनाने राज्यभर दाखवले.

एक गैरसमज आधी दूर केला पाहिजे. फोनवर दोन अ‍ॅपच्या लायब्रऱ्या एकमेकींशी भांडत नाहीत. अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अ‍ॅप आपल्या लायब्ररीची प्रत स्वतःबरोबर बाळगते व स्वतंत्र कप्प्यात चालते. पाच अ‍ॅप असतील तर त्याच लायब्ररीच्या पाच प्रती. गुगल प्ले सर्व्हिसेस आणि वेबपाने दाखवणारा वेबव्ह्यू यांसारखे थोडे घटक तेवढे सामाईक असतात. २२ मार्च २०२१ च्या सुमारास वेबव्ह्यूची एक सदोष आवृत्ती बाहेर पडली आणि जगभरच्या फोनवर एकमेकांशी संबंध नसलेली अ‍ॅप एकाच वेळी बंद पडू लागली. हा अपवाद सोडला तर विसंगतीची किंमत फोनला नव्हे, अ‍ॅप सांभाळणाऱ्याला मोजावी लागते. तीच दुरुस्ती त्याला प्रत्येक अ‍ॅपसाठी नव्याने शोधावी लागते.

एका अ‍ॅपच्या आत मात्र एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहू शकते. दोन वाटांनी दोन आवृत्त्या आल्या तर ग्रेडल हे बांधणीचे साधन, वेगळे काही सांगितले नसेल तर, त्यांतली नवी निवडते. मेव्हन हे दुसरे साधन अवलंबनाच्या साखळीत जवळची असेल ती निवडते. त्यामुळे यादीत लिहिलेली आवृत्ती आणि अ‍ॅपमध्ये प्रत्यक्ष गेलेली आवृत्ती वेगळी असू शकते. दोन अ‍ॅपच्या याद्या अक्षरशः सारख्या असूनही एका अ‍ॅपला एखादी नवी नकाशा-लायब्ररी जोडली की तिच्यामागून आलेल्या आवृत्त्यांनी एकवाक्यता मोडते, आणि यादी वाचून ते कळत नाही.

आवृत्ती वाढवण्याचा सर्वांत दूरगामी परिणाम किमान अँड्रॉइडवर होतो. अँड्रॉइडसाठी बांधलेली प्रत्येक लायब्ररी आपण कोणत्या अँड्रॉइडपासून पुढे चालतो हे जाहीर करते. गुगलच्या अँड्रॉइडएक्स लायब्रऱ्यांची ही सर्वसाधारण मर्यादा एपीआय (अँड्रॉइडच्या आवृत्तीचा अंतर्गत क्रमांक) १४ वरून १९, मग २१ आणि पुढे २३ अशी चढत गेली; १९ म्हणजे अँड्रॉइड ४.४, २१ म्हणजे ५.० आणि २३ म्हणजे ६.०. अ‍ॅपची मर्यादा लायब्ररीच्या मर्यादेपेक्षा खाली असेल तर बांधणी थांबते. मॅनिफेस्ट या माहिती-फाइलमध्ये एक ओळ घालून ही हरकत दाबता येते. मग अ‍ॅप जुन्या फोनवर बसते आणि नको त्या क्षणी बंद पडते. सरळ मार्गाने मर्यादा वाढवली तर प्ले स्टोअर जुन्या फोनला नवी आवृत्ती दाखवतच नाही. फोनवर काहीही बिघडलेले दिसत नाही. पुढे सर्व्हरने जुनी आवृत्ती नाकारली की अ‍ॅप ‘अपडेट करा’ म्हणते, आणि स्टोअरमध्ये अपडेटचे बटण नसते. शहापूर-मुरबाडसारख्या ठिकाणी अ‍ॅप ‘चालत नाही’ अशी तक्रार आली तर तिच्यामागे असा एखादा आकडा असू शकतो, आणि तो बदलणाऱ्याला त्याचा अंदाजही नसतो.

ओकेएचटीटीपी या सर्व्हर-संपर्काच्या लायब्ररीने फेब्रुवारी २०१९ मध्ये ३.१३ या आवृत्तीपासून अँड्रॉइड ५ च्या खालचे फोन सोडले. जुन्या फोनवाल्यांसाठी ३.१२ ही शाखा वेगळी ठेवून तिला २०२१ च्या अखेरपर्यंत आवश्यक दुरुस्त्या पुरवल्या. आवृत्ती कशी सोडावी याचा हा चांगला धडा आहे : जाहीर करून, मुदत देऊन. अशा वेळी एका संस्थेचे एक अ‍ॅप ३.१२ वर आणि दुसरे पुढच्या आवृत्तीवर राहिले तर तो निष्काळजीपणा मानू नये. एकवाक्यतेचा अर्थ सर्वांनी सर्वांत नवी आवृत्ती घेणे असा नाही. फरक ठेवायचा तर तो ठरवून, कारण लिहून ठेवावा, एवढेच.

सर्व्हरची ओळख पटवणाऱ्या प्रमाणपत्रांचे उदाहरण याच जातीचे. लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेची प्रमाणपत्रे ज्या जुन्या मूळ प्रमाणपत्राच्या आधारे ओळखली जात, त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२१ रोजी संपली, आणि अँड्रॉइड ७.१.१ च्या आधीचे फोन नवे मूळ प्रमाणपत्र ओळखत नव्हते. एका विशेष जोड-प्रमाणपत्राने त्यांना आणखी तीन वर्षे तारले. अँड्रॉइड ७.० पासून विश्वासार्ह मूळ प्रमाणपत्रे सेटिंगच्या फाइलमधून देता येतात. त्याआधीच्या फोनसाठी ती कोडमध्येच घालावी लागतात. सर्व्हर-संपर्काचा कोड सर्व अ‍ॅपमध्ये सामाईक असेल तर हे काम एकदाच होते.

फोनमध्ये साठवलेल्या, अजून सर्व्हरवर न पोहोचलेल्या नोंदी हा त्याहून नाजूक भाग. शहापूर-मुरबाडमधील डोळखांब किंवा टोकावडे परिसरातल्या आतल्या पाड्यात नेटवर्क नसताना भरलेली माहिती त्या एकाच फोनवर असते. साठवणीसाठी वापरली जाणारी रूम ही लायब्ररी तक्त्यांच्या रचनेला क्रमांक देते. रचना बदलून स्थलांतराचा कोड लिहिला नाही तर अ‍ॅप नोंदी उघडताना बंद पडते. आणि ‘स्थलांतर नसेल तर पुसून नव्याने सुरू करा’ ही मुभा दिलेली असेल तर ते नोंदी मुकाट पुसून टाकते. ही मुभा चाचणीपुरती सोयीची असते. क्षेत्रीय अ‍ॅपमध्ये ती असूच नये. नोंदी सांकेतिक रूपात ठेवणाऱ्या एसक्यूएलसायफरने २०१८ मध्ये चौथ्या आवृत्तीत सांकेतिकीकरणाची पूर्वनिर्धारित मूल्ये बदलली. तिसऱ्या आवृत्तीने लिहिलेली फाइल चौथीला स्थलांतराची आज्ञा दिल्याशिवाय उघडत नाही. अशी लायब्ररी दुसऱ्या कोणाच्या मागून आपोआप वर सरकली तर कार्यालयातल्या नव्या, रिकाम्या फोनवरची चाचणी सुरळीत पार पडते आणि जुन्या फोनवरच्या नोंदी अडकतात. म्हणून साठवणीच्या लायब्रऱ्यांची आवृत्ती काटेकोर बांधून ठेवावी आणि प्रत्येक वाढ जुन्या नोंदी असलेल्या फोनवर तपासावी.

साधनांबद्दल थोडक्यात. ग्रेडलची आवृत्ती-सूची ७.० मध्ये (२०२१) प्रायोगिक म्हणून आली व ७.४ मध्ये (२०२२) स्थिर झाली. ती आवृत्त्या एका फाइलमध्ये लिहू देते, पण त्या पाळायला लावत नाही; मागून आलेली नवी आवृत्ती तिच्यावर मात करते. बंधन घालायचे तर ‘प्लॅटफॉर्म’ किंवा घटकसूची (एकत्र वापरायच्या आवृत्त्यांची प्रसिद्ध केलेली यादी) लागते, आणि तीही सक्तीच्या रूपात. फायरबेस व कम्पोज या आपल्या लायब्ररी-संचांच्या तयार घटकसूची गुगल देते. फ्लटर व आयओएस प्रकल्पांत आवृत्त्या बांधण्याचे काम त्या त्या प्रकल्पापुरते कुलूप-फाइली करतात. सूची एका प्रकल्पातून दुसऱ्यात नकलून डकवणे ही सर्वत्र आढळणारी पद्धत निरुपयोगी आहे, कारण नकल केल्याच्या दिवसापासून दोन्ही सूची वेगळ्या होऊ लागतात. सूचीलाच स्वतःचा क्रमांक देऊन ती प्रसिद्ध करावी आणि प्रत्येक अ‍ॅपने ती मागवावी. तिच्यात पहिली नोंद कोणत्याही लायब्ररीची नसावी, सर्व अ‍ॅपनी मिळून मान्य केलेल्या किमान अँड्रॉइडची असावी.

जुन्यावर थांबून राहणेही परवडत नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये लिबवेबपी या चित्रे उलगडणाऱ्या लायब्ररीत गंभीर सुरक्षा-दोष सापडला. १.३.२ या आवृत्तीत तो दुरुस्त झाला, पण ही लायब्ररी अनेकदा दुसऱ्याच कुणाच्या पोटात असते. सूची नसलेल्यांना ती आपल्या कोणत्या अ‍ॅपमध्ये आहे हे आधी हुडकावे लागले. प्ले स्टोअरही दरवर्षी वरची पायरी चढवते : ३१ ऑगस्ट २०२४ पासून नव्या अ‍ॅपना व अपडेटना लक्ष्य म्हणून एपीआय ३४ सक्तीचा, पुढच्या वर्षी त्याच तारखेपासून ३५. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ वा पुढच्यासाठी केलेल्या अ‍ॅपमधील नेटिव्ह (थेट प्रोसेसरसाठी बांधलेला) कोड १६ केबी आकाराच्या स्मृती-पृष्ठांवर चालणे बंधनकारक झाले. ज्या लायब्ररीचा कर्ता काम सोडून गेला आहे तिचा नेटिव्ह भाग असा पुन्हा बांधून मिळत नाही. ती बदलावी लागते किंवा तिचा स्रोत घेऊन स्वतः सांभाळावी लागते, आणि ती ज्या ज्या अ‍ॅपमध्ये असेल तिथे तिथे हे करावे लागते.