बैरागडचे डॉक्टर



आपण शाळेत होतो तेव्हा, १९९३च्या सुमारास, मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या वर्तमानपत्रांत सतत यायच्या. 'कुपोषण' हा शब्द आपल्यापैकी अनेकांनी तेव्हाच पहिल्यांदा वाचला असेल. पण आपला मेळघाट म्हणजे चिखलदऱ्याची सहल. त्याच्या पलीकडे, धारणी तालुक्यातल्या बैरागडला एक डॉक्टर ठाण मांडून बसले होते, हे आपल्याला ठाऊक नव्हतं. आपल्या जिल्ह्याच्या इतिहासातलं ते पान या स्मरणिकेत असावं, म्हणून हा लेख.

डॉ. रवींद्र कोल्हे मूळचे शेगावचे, रेल्वेत नोकरी करणाऱ्या वडिलांचे चिरंजीव. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातून एमबीबीएस झाल्यावर, १९८५च्या सुमारास ते बैरागडला गेले. त्यांच्यावर गांधी-विनोबांच्या विचारांचा प्रभाव होता. एक्स-रेशिवाय न्यूमोनिया ओळखता यावा, सोनोग्राफीशिवाय बाळंतपण करता यावं, यासाठी त्यांनी आधी मुंबईला सहा महिने अनुभव घेतला होता. फी किती? पहिल्या वेळी दोन रुपये, पुन्हा आलात तर एक रुपया.

तिथे काम करताना आपलं शिक्षण अपुरं आहे हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते एमडी करायला परतले. त्यांनी विषय निवडला रोगप्रतिबंधक व सामाजिक वैद्यकशास्त्र. ज्या शाखेत प्रॅक्टिसचा पैसा नाही, ती शाखा!

लग्नासाठी त्यांच्या अटी प्रसिद्ध आहेत: चाळीस किलोमीटर चालण्याची तयारी, पाच रुपयांत नोंदणी विवाह, महिना चारशे रुपयांत संसार आणि गरज पडल्यास लोकांसाठी भीक मागण्याची तयारी. नागपुरात स्वतःची प्रॅक्टिस असलेल्या डॉ. स्मिता यांनी त्या मान्य केल्या. पुढे त्यांचं पहिलं बाळ बैरागडलाच जन्मलं आणि गंभीर आजारी पडलं. लोक म्हणाले, अकोल्याला न्या. निर्णय डॉक्टरांनी पत्नीवर सोपवला. गावातल्या इतर बाळांवर जे उपचार होतात तेच आपल्या बाळावर होतील, असं स्मिताताईंनी ठरवलं. बाळ वाचलं. मी स्वतः आई आहे. हा प्रसंग वाचल्यावर त्या जागी मी काय केलं असतं, याचं उत्तर मला अजून देता आलेलं नाही. गावाने मात्र त्या दिवसापासून त्यांना आपलं मानलं.

मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो त्यांच्या कामाचा क्रम. आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात बिघाड जिथे दिसतो तिथे त्याचं मूळ क्वचितच सापडतं. एकेक पायरी मागे जावं लागतं. कोल्हे दांपत्य तसंच मागे मागे गेलं. मूल न्यूमोनियाने गेलं. का? थंडीत अंगावर पुरेसे कपडे नव्हते, शरीरात ताकद नव्हती. ताकद का नव्हती? घरात धान्य नव्हतं. धान्य का नव्हतं? शेती पिकत नव्हती आणि हंगाम संपला की हाताला काम नव्हतं. इथवर आल्यावर नुसत्या औषधाच्या गोळीने काय होणार?

म्हणून डॉक्टर शेतीकडे वळले. अकोल्याच्या पंजाबराव कृषी विद्यापीठात त्यांनी शेतीचं ज्ञान मिळवलं, पशुवैद्यक मित्राकडून जनावरांचे आजार समजून घेतले आणि स्वतः शेती करून कोरकू शेतकऱ्यांना दाखवली. पावसाळ्यात धान्य कमी पडू नये म्हणून रेशन दुकान चालवायलाही घेतलं. एका मंत्र्यांनी घर बांधून देऊ केलं, तेव्हा स्मिताताईंनी घराऐवजी परिसरासाठी चांगले रस्ते मागितले. २०१९ साली दोघांना पद्मश्री मिळाली.

मेळघाटाचा प्रश्न मात्र संपलेला नाही. २०१६मध्ये हरिसाल डिजिटल गाव म्हणून गाजलं, तरी बालमृत्यूंच्या याचिकांवर उच्च न्यायालयात अगदी अलीकडेपर्यंत सुनावण्या होत आल्या आहेत.

आपल्या बॅचमध्ये डॉक्टर आहेत, कृषी पदवीधर आहेत, शासकीय सेवेतले अधिकारी आहेत. पुढचं संमेलन चिखलदऱ्याला घेण्याचं चाललंच आहे. माझी एक सूचना: त्यातला एक दिवस सेमाडोह-हरिसालमार्गे धारणीकडे जाण्यासाठी राखून ठेवू या. तिथल्या लोकांना काय हवं आहे, ते आधी त्यांच्याकडूनच ऐकू या.