तुळईतला दुष्काळ



मागच्या उन्हाळ्यात आमचं जुनं घर उतरवलं. माळवद गळत होतं, भिंतींना फुगारा आला होता, इलाज नव्हता. सागाच्या तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याने नेले. मागे राहिला गोठ्याला टेकू दिलेला तुळईचा एक तुकडा आणि एका खांबाचं बूड.

आजोबा म्हणायचे, "घर दुष्काळानंतरचं." कोणत्या दुष्काळानंतरचं, हे विचारायचं राहून गेलं. १८७६-७८ चा? १८९६-९७ चा? की १८९९-१९०० चा? घराचा कागद नाही. म्हटलं, लाकूडच काही सांगतंय का बघू.

दोन्ही तुकड्यांची तोंडं रंधा मारून पॉलिश पेपरने घासली. साग उन्हाळ्यात पानं गाळतो, तेव्हा त्याची वाढ थांबते. पाऊस लागला की नवं लाकूड भरतं आणि त्याची सुरुवात मोठ्या छिद्रांच्या ओळीने होते. ती ओळ म्हणजे नव्या वर्षाची खूण. पाऊस चांगला तर वलय सहसा रुंद, पाऊस गेला तर अरुंद. आमच्या बांधावरचा साग वादळात पडला होता, त्याच्यात १९७२ चं वलय केसाएवढं होतं. पण तिथे सालीपासून आत मोजत जाता येतं, कारण झाड पडल्याचं वर्ष माहीत होतं. तुळईचं तसं नाही. वलयं मोजून तिचं वय कळतं, साल कळत नाही.

हीच अडचण शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत ए. ई. डग्लस यांना आली होती. हा माणूस मूळचा खगोलशास्त्रज्ञ. सूर्यावरच्या डागांच्या अकरा वर्षांच्या फेऱ्याचा पावसावर काही परिणाम होतो का, हे त्यांना शोधायचं होतं. ॲरिझोनासारख्या कोरड्या मुलखात पावसाच्या जुन्या नोंदी नव्हत्या, म्हणून ते झाडांच्या वलयांकडे वळले. त्यांच्या लक्षात आलं की लांबलांबच्या झाडांतही अरुंद वलयांचा क्रम सारखाच येतो. अरुंद वलय आलं की कागदाच्या पट्टीवर उभी रेघ मारायची, आणि दोन पट्ट्या शेजारी धरून रेघा जुळेपर्यंत सरकवायच्या, अशी त्यांची पद्धत होती.

त्या भागात मका पिकवणाऱ्या जुन्या पुएब्लो लोकांची ओसाड घरं आहेत. त्या घरांच्या लाकडांतून ५८५ वर्षांची एक सलग मालिका तयार झाली. वलयं एकमेकांशी जुळत होती, पण ती सालं कोणती ते माहीत नव्हतं. दुसरी मालिका जिवंत झाडांपासून मागे जाणारी, तिची सालं पक्की. दोन्हींना जोडणारं लाकूड मात्र मिळत नव्हतं. २२ जून १९२९ रोजी शो-लो या गावी एक जळकं ओंडकं सापडलं. नोंदीत त्याचं नाव एचएच-३९. त्यातलं सगळ्यात आतलं वलय १२३७ सालचं निघालं आणि दोन्ही मालिका सांधल्या गेल्या. एका कोळशासारख्या लाकडाने कित्येक ओसाड गावांना साल मिळालं.

पुढे हे पट्ट्या सरकवण्याचं काम संगणकाकडे आलं. १९७३ साली बेलफास्टच्या बेली आणि पिल्चर यांनी ओक लाकडासाठी प्रोग्राम लिहिला. त्यातली युक्ती आपल्याला लगेच समजेल. काळ्या रानात सोयाबीन एकरी दहा क्विंटल येतं, मुरमाड रानात चार. आकडे जुळणार नाहीत. पण "नेहमीपेक्षा किती कमी-जास्त" असं मांडलं तर दोन्ही रानं एकाच वर्षी पडतात आणि एकाच वर्षी चढतात. प्रोग्रामही प्रत्येक वलयाची तुलना आजूबाजूच्या पाच वर्षांच्या सरासरीशी करतो, मग एक मालिका दुसरीवर वर्षावर्षाने सरकवून कुठे जुळते ते बघतो.

१९८३ साली ॲरिझोनाच्याच प्रयोगशाळेतल्या रिचर्ड होम्स यांनी कोफेचा हा प्रोग्राम दिला. स्पॅनिशमध्ये फेचा म्हणजे तारीख. हा प्रोग्राम मुख्यतः चुका पकडतो. मालिकेचे पन्नास-पन्नास वर्षांचे तुकडे पाडतो, प्रत्येक तुकडा बाकीच्या झाडांशी ताडून बघतो, आणि एखादा तुकडा एक वर्ष पुढे-मागे केल्यावर जास्त चांगला बसत असेल तर तसं दाखवतो.

माझं नेमकं हेच झालं. मुलाने दोन्ही तुकडे स्कॅन करून वलयं मोजली. तुळईत ८३, खांबात ७४. प्रोग्रामने सांगितलं, बाहेरचा भाग जुळतो, आतला एक वर्षाने सरकलाय. भिंग घेऊन बघितलं तर खांबात एक खोटं वलय निघालं. पावसाने मोठी उघडीप दिली आणि पुन्हा झड लागली की साग एकाच वर्षात दोन रेघा काढतो. ते वजा केलं तेव्हा ५८ वर्षं नीट जुळली. सगळी मिळून सलग ९८ वर्षांची मालिका झाली.

पण सालाशिवाय. डग्लस १९२९ च्या आधी जिथे अडकले होते, तिथेच मी अडकलोय. बांधावरचा साग आजोबांनी १९६४ साली लावलेला, त्याच्या आधीचं तो काय सांगणार?

मुलगा म्हणाला, कुठलीही लांब मालिका घेऊन जुळवू. इथेच सावध राहावं लागतं. कोफेचाची पन्नास वर्षांसाठीची कसोटी अशी आहे की नुसत्या योगायोगानेही शंभरात एकदा पास होता येतं. पन्नास वर्षांचा तुकडा साडेचारशे वर्षांच्या मालिकेवर सरकवला तर चारशे जागा तपासल्या जातात, म्हणजे चारेक खोट्या जागी तो "जुळला" असंच दिसेल. मला मनातून १८७८ नंतरचं साल हवंय. चारांतलं एखादं तिथे आलं की मी तेच धरून बसणार! म्हणून प्रोग्राम जागा सुचवतो, पण निकाल लागतो भिंगाखाली आणि आणखी दोन-चार झाडांच्या साक्षीने.

आपल्याकडे हे काम झालेलं नाही असं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या पंत आणि बोरगावकर यांनी १९८३ सालीच ठाणे भागातल्या सागावर अभ्यास प्रसिद्ध केला. २०१० साली केरळच्या सागाची ५२३ वर्षांची मालिका प्रसिद्ध झाली. तुकोबांच्या काळातला १६३० चा दुष्काळ पडला तो काळही तिच्यात येतो. पण केरळचा पाऊस वेगळा, ठाण्याचा वेगळा, आणि सह्याद्रीच्या अलीकडचा आपला वेगळा. त्यात आमची तुळई मेळघाटातून आली, डांगातून की चांद्याकडून, तेही माहीत नाही.

हवामान खातं १८७५ साली सुरू झालं. त्याआधी आपल्या रानात पाऊस किती पडला, दुष्काळ किती वर्षांनी यायचा, लागोपाठ किती वर्षं टिकायचा, याची नोंद कुठे असेल तर ती या जुन्या लाकडांत असू शकते. आणि आपण ते किलोवर विकतोय. व्यापारी आधी बाहेरचं पांढरट लाकूड तासून टाकतो. सालीजवळची शेवटची वलयं त्याच्यासोबत जातात आणि झाड कोणत्या साली तोडलं ते कायमचं पुसलं जातं. आमच्या घराच्या अकरा तुळया मी अशाच घालवल्या.

म्हणून एवढंच सांगणं आहे. घर उतरवाल तेव्हा प्रत्येक तुळईच्या टोकाची वीतभर चकती कापून ठेवा. साल किंवा पांढरट कड शिल्लक असेल ती बाजू तासू नका. चकतीवर गाव आणि घरातली जागा खडूने लिहा, आणि लाकूड कुठून आणलं हे घरातल्या म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा. जुना साग पडला तर त्याची चकती ठेवा आणि पडल्याचं साल लिहा.

माझी ९८ वर्षं गोठ्यात कोरड्या जागी ठेवली आहेत. तिला सांधणारा तुकडा कदाचित तुमच्या घराच्या माळवदाखाली असेल.