बाळाचे पाऊल आत वळलेले आहे? ग्रहणाला दोष देऊ नका

जन्मतःच पाऊल आत आणि खाली वळलेले असेल तर त्याला क्लबफूट म्हणतात. साधारण हजारात एका बाळाला हा दोष असतो. आईने ग्रहणात काही चिरले म्हणून तो होत नाही आणि मालिशने जातही नाही.

पोन्सेटी पद्धतीत दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल सरळ करतात. बहुतेकदा टाचेमागचा आखडलेला स्नायुबंध छोटा छेद देऊन मोकळा करावा लागतो. नंतर पट्टीला जोडलेले खास बूट ३ महिने रोज २३ तास आणि पुढे ४-५ वर्षांचे होईपर्यंत झोपताना घालावे लागतात. पाऊल सरळ दिसले म्हणून बूट सोडले तर ते पुन्हा वळू शकते.

छत्रपती संभाजीनगरात घाटी रुग्णालयाच्या अस्थिव्यंगोपचार विभागात पहिल्या काही आठवड्यांतच दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात हे उपचार मोफत आहेत.