दिल्लीच्या थंडीत तांब्याचा बंब

इतिहास म्हटला की गड, लढाया आणि तहनामे डोळ्यांसमोर उभे राहतात. दिल्लीतील मराठी माणसास तर पानिपताचे स्मरण चुकत नाही. परंतु ज्या साध्या वस्तूंच्या आधारे सामान्य कुटुंबांनी परमुलखात आपले घर उभे केले, त्यांनाही इतिहास असतो. मंडळाच्या सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने अशाच एका वस्तूचे, तांब्याच्या बंबाचे, स्मरण करावे असे मनात आले.

आजच्या मुलांसाठी बंबाची रचना थोडक्यात सांगतो. उभट तांब्याचे भांडे, त्याच्या मधोमध आरपार गेलेली नळी, नळीच्या तळाशी जाळी आणि जाळीखाली राख पडण्यास जागा. नळीत वरून ढलप्या, गोवऱ्या वा कोळसे टाकावयाचे. पाणी नळीच्या सभोवती राहते आणि तोटीतून कढत बाहेर येते. यामागील शहाणपण त्रैराशिकाने पटते. वीस लिटर पाणी १० अंशांवरून ४५ अंशांवर नेण्यास सुमारे ७०० किलोकॅलरी उष्णता लागते. सारी उष्णता पाण्यास मिळाली, तर पावशेराहून कमी लाकडात काम भागावे. परंतु तीन दगडांच्या उघड्या चुलीवर दहा टक्क्यांच्या आसपासच उष्णता भांड्यास लागते, म्हणून दोन किलो लाकूड जळते. बंबात विस्तव पाण्याच्या पोटातच असल्यामुळे ही उधळपट्टी पुष्कळ कमी होते. रशियातील व काश्मीरमधील सामोवाराचे तत्त्वही हेच.

‘बंब’ हा शब्द पंप या अर्थाच्या पोर्तुगीज ‘बोंबा’वरून आला, असे व्युत्पत्तिकार सांगतात. आगीचा बंबही त्याच कुळातला. दिल्लीत मात्र शेजारणी आमच्या बंबाला ‘हमाम’ म्हणत. हा शब्द अरबी. एकाच भांड्याला कोकण किनाऱ्याने एक नाव दिले आणि उत्तरेने दुसरे, ही गोष्ट मला फार अर्थपूर्ण वाटते.

या हमामाचे राजेशाही रूप लाल किल्ल्यात आहे. १६३९ ते १६४८ या काळात शाहजहानने किल्ला बांधविला, तेव्हा संगमरवरी दालनांच्या हमामाची योजना केली आणि पश्चिमेच्या भिंतीत पाणी तापविण्याची सोय ठेवली. बादशहाच्या स्नानासाठी दालनेच्या दालने आणि आमच्यासाठी गुडघ्याएवढे भांडे! तरीही विस्तव, पाणी आणि त्यांमधील पातळ भिंत हे सूत्र दोहोंत समानच.

आमचा बंब पुण्याच्या तांबट आळीतला. कसबा पेठेतील या आळीत पेशवाईच्या काळात कोकणातून आलेले तांबट स्थिरावले. पत्रा तापवावा, ठोकून आकार द्यावा, सांध्यांना डाग द्यावा आणि वर हातोडीचे एकसारखे ठसे उमटवून माठारकाम करावे, अशी त्यांची रीत. वडील १९६६ साली केंद्र सरकारच्या नोकरीनिमित्त दिल्लीस आले, तेव्हा आजीने तो बंब पोत्यात बांधून त्यांच्यासोबत दिला. ‘तिकडे थंडी फार,’ एवढेच ती म्हणाली होती म्हणे.

स्वातंत्र्यानंतर राजधानीत कर्मचाऱ्यांच्या निवासाचा प्रश्न बिकट झाला होता. १९४७ ते १९५२ या काळात बांधकाम खाते काकासाहेब गाडगीळ या आपल्या पुणेकर मंत्र्यांकडे होते. पुढे विनयनगरसारख्या वसाहती उठल्या. त्यांपैकी सरोजिनीनगरात आम्हांस दोन खोल्यांचे घर मिळाले. गावाकडे बंब परसात पेटे. येथे परस कोठले? जिन्याखाली बंब, टाळेवरून आणलेले लाकूड आणि शेजाऱ्यांच्या घरी अंगीठी, अशी पहाट उजाडे.

१९७८ च्या जानेवारीत एकदा बाहेर बोचरा वारा होता, म्हणून वडिलांनी बंब न्हाणीघरातच पेटविला आणि खिडकी लावून घेतली. आई आत गेली. काही वेळाने तांब्या पडल्याचा आवाज झाला. मी दार ढकलले, तो ती भिंतीशी टेकून बसलेली, शुद्ध हरपत चाललेली. उघड्या हवेत आणल्यावर ती सावरली. वडील त्या दिवशी कार्यालयात गेले नाहीत आणि कोणाशी बोललेही नाहीत. कोंडलेल्या जागेत कोळसा अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत अंगीठी ठेवून निजलेल्यांच्या मृत्यूच्या बातम्या दिल्लीत आजही हिवाळ्यात येतात. बंबाचा गौरव करताना ही बाजू लपविणे अप्रामाणिकपणाचे होईल. परसातील वस्तू परसाशिवाय आणली, ही चूक आमची होती.

पुढच्याच वर्षी गीझर आला. बंब माळ्यावर गेला आणि केवळ नरकचतुर्दशीच्या अभ्यंगस्नानासाठी खाली उतरू लागला, तोही गच्चीवर. आता तेही थांबले आहे. १ जानेवारी २०२३ पासून राजधानी परिसरातील उद्योगांना कोळसा जाळण्याची मनाई आहे (औष्णिक वीजकेंद्रे वगळून). अशा धुरकट हवेत हौसेखातर आपण धूर करावा हे मनास पटत नाही. २०१६ साली केंद्रीय मंत्रिमंडळाने सात सरकारी वसाहतींच्या पुनर्बांधणीस संमती दिली. तीत सरोजिनीनगरही होते. ज्या जिन्याखाली बंब पेटे, तो जिना आता राहिलेला नाही.

गेल्या वर्षी घर आवरताना बंब मोडीत घालण्याचा विषय निघाला. तळ झिजला आहे, तोटी गळते. तांब्याला भावही बरा येईल, असे मुलाचे म्हणणे. आई आज नव्वदीच्या घरात आहे. तिला विचारले, तेव्हा ती म्हणाली, ‘मला मारायला निघाला होता तो. पण बारा वर्षे तुम्हां सगळ्यांना त्यानेच न्हाऊ घातले. राहू दे.’ बंब राहिला.

आपल्यापैकी अनेकांच्या माळ्यावर असे काही असेल : पाटा, घंगाळ, पुरणयंत्र. ते कोणी आणले, कोठून आणले, येथे आल्यावर त्याचे काय झाले, हे घरातील वडीलधाऱ्यांकडून आजच लिहून घ्यावे, एवढीच नम्र विनंती. वस्तू मोडीत गेली तरी तिची हकीकत मोडीत जाऊ नये.