राक्षस उभा राहील, पण भांडणार कसा?

पूर्वपक्ष सगळ्यांना तोंडपाठ आहे. गॉडझिलाचा किंवा 'पॅसिफिक रिम' चित्रपटातल्या अजस्र यंत्रमानवांचा विषय निघाला, की विज्ञानाची आवड असलेला कुणीतरी वर्ग-घन नियम पुढे करतो. आकार तोच ठेवून प्राण्याची उंची दुप्पट केली, की हाडाचा छेद चौपट होतो आणि वजन आठपट. म्हणजे हाडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर दुप्पट भार. उंची तीसपट केली, तर भारही तीसपट. तेव्हा पन्नास मीटरचा राक्षस स्वतःच्याच वजनाखाली चिरडून जाईल. खटला निकाली.

नियम खरा आहे, निकाल घाईचा. या नियमाने भलताच आरोपी फासावर जातो आणि खरा गुन्हेगार मोकळा सुटतो, अशी माझी तक्रार आहे.

नियमाचा उगम गॅलिलिओच्या १६३८ साली लायडनला छापलेल्या संवादग्रंथात आहे. तिथे त्याने एक हाड आणि त्याच्या तिप्पट लांबीचं, पण त्याच कामाला पुरेल इतकं फुगवलेलं दुसरं हाड असं चित्रच काढून दाखवलं. त्याचं म्हणणं असं, की राक्षसाला माणसाचीच ठेवण हवी असेल तर हाडांचं द्रव्य जास्त भक्कम हवं, नाहीतर तो दुबळा होईल. म्हणजे बंदी होती ती नकलेवर, मोठेपणावर नव्हती. पुढे १९२६ मध्ये जीवशास्त्रज्ञ जे. बी. एस. हॉल्डेन यांनी योग्य आकाराविषयीचा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. लहानपणी पुस्तकातल्या चित्रात पाहिलेले साठ फुटी राक्षस त्यांनी उदाहरणाला घेतले. माणसाच्या दसपट उंच, म्हणून हजारपट वजनदार, आणि दर पावलाला मांडी मोडून घेणारे. आज जो युक्तिवाद फिरतो तो याच निबंधाची पातळ झालेली आवृत्ती आहे. हॉल्डेन यांनी पुढेच गेंड्याच्या जाड पायांचा आणि जिराफाच्या ठेवणीचा मुद्दाही मांडला होता; तो मात्र वाटेत गळला.

माणसाच्या हजारपट वजन म्हणजे सुमारे सत्तर टन. दक्षिण अमेरिकेतल्या अर्जेंटिनोसॉरस या डायनासोरचं वजन साठ-सत्तर टनांच्या घरात किंवा त्याहून जास्त होतं, असे अंदाज आहेत. म्हणजे हॉल्डेनच्या राक्षसाएवढं ओझं घेऊन एक प्राणी खरोखर जमिनीवर चालत होता, आणि त्याची मांडी दर पावलाला मोडत नव्हती. चार पाय, खांबासारखे सरळ, आणि मणक्यांत हवेच्या पोकळ्या, एवढ्यावर त्याने काम भागवलं. त्यात एक योगायोगही आहे. हॉल्डेन १९५७ मध्ये कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत आले आणि पुढे भारताचे नागरिक झाले. ते कोलकात्यात असताना, १९६० च्या आसपास, त्याच संस्थेच्या भूवैज्ञानिकांना प्राणहिता-गोदावरीच्या खोऱ्यात बारापासॉरस या अवाढव्य शाकाहारी डायनासोरची हाडं सापडत होती. त्याचं मांडीचं हाड जवळजवळ पुरुषभर उंचीचं. सांगाडा आज त्या संस्थेच्या संग्रहालयात उभा आहे.

आता खुद्द गॉडझिलाचं गणित करू. १९५४ च्या चित्रपटातला गॉडझिला ५० मीटर उंच आणि वजनाला २०,००० टन, असं निर्माते सांगतात. हाड दाबाखाली मोडायला चौरस मिलिमीटरमागे ढोबळमानाने १७० न्यूटन लागतात. सावधगिरी म्हणून त्याच्या चौथाईवरच थांबलो, तरी सगळं वजन एका पायावर पेलायला साडेचार-पाच चौरस मीटर छेदाचं हाड पुरतं. म्हणजे अडीच मीटर व्यासाचा खांब. चालताना भार तिप्पट होतो असं धरलं, तर सव्वाचार मीटर. पडद्यावरचा त्याचा पाय सात-आठ मीटर जाड तरी दिसतोच. त्यात हे हाड बसतं. चिरडण्याचा आरोप इथे टिकत नाही.

मग तो अडतो कुठे? स्नायूंपाशी. स्नायूची ओढ चौरस मिलिमीटरमागे न्यूटनच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी असते, हाडाच्या ताकदीच्या पाचशेव्या भागाएवढी. पाय सरळ ठेवला तर वजन हाडांतून खाली उतरतं आणि स्नायूंना नुसतं तोल सांभाळायचं काम उरतं. गुडघा वाकवला की सगळा बोजा त्यांच्यावर. अँड्र्यू बिवेनर यांनी १९८९ मध्ये लहान-मोठ्या सस्तन प्राण्यांच्या अभ्यासातून नेमकं हेच दाखवलं. प्राणी जितका मोठा तितके त्याचे पाय सरळ, आणि म्हणून हाडांवरचा ताण लहान-मोठ्यांत जवळपास सारखाच राहतो. या सोयीची किंमत चपळाईत मोजावी लागते. हत्ती उडी मारत नाही. टायरानोसॉरसचं गणित हचिन्सन आणि गार्सिया यांनी २००२ मध्ये मांडलं. त्याला जोरात पळायचं असतं, तर शरीराच्या वजनाचा ८६ टक्के भाग पायांचे स्नायूच असावे लागले असते. म्हणजे पोट, छाती, डोकं सगळं मिळून उरले चौदा टक्के! आणि हा प्राणी जेमतेम सहा टनांचा. वीस हजार टनांचा राक्षस ताठ पायांनी उभा राहील, सावकाश चालेलही. पण कुस्तीला लागणारी बैठक त्याला कधीच साधणार नाही.

पायाला टोचलेलं डोक्यापर्यंत पोचेस्तोवर हा कोसळेल, असा एक आक्षेप मधूनच ऐकू येतो. तो सोडून द्यावा. मज्जातंतूंतून संदेश सेकंदाला शंभरेक मीटर धावतो, म्हणजे जाऊन-येऊन साधारण एक सेकंद. पण उंच वस्तू कलंडायलाही उंचीच्या वर्गमुळाच्या पटीत जास्त वेळ घेते, त्यामुळे सावरायला त्याला जवळपास तुमच्या-माझ्याइतकीच सवड मिळते. हे वर्गमूळ चित्रपटवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. गॉडझिलाची विशेष दृश्यं रचणाऱ्या त्सुबुराया यांनी पंचविसाव्या हिश्श्याच्या टोकियोत राक्षसाच्या पोशाखातला माणूस चालवला आणि कॅमेरा जलद फिरवून त्याची चाल संथ केली. ती संथ चाल पाहूनच डोळ्यांना तो डोंगराएवढा वाटतो.

आता यंत्रमानव. इथे स्नायूंची अडचण नाही. जेसीबीच्या हायड्रॉलिक नळकांड्यातलं तेल स्नायूच्या शंभरपट दाबाने ढकलतं. शिवाय एवढं मोठं चालणारं यंत्र होऊच शकत नाही, हे म्हणणं साफ खोटं आहे, कारण ते होऊन गेलं. अमेरिकेत ओहायोच्या कोळसा खाणीत १९६९ पासून 'बिग मस्की' नावाची ड्रॅगलाइन, म्हणजे माती उपसणारं महाकाय यंत्र, काम करत होती. उंची सुमारे ६८ मीटर, रुंदी ४६, वजन १२,००० टनांच्या आसपास. आणि ती चालायची. बाजूचे लोखंडी पाय जमिनीला टेकवायचे, त्यांच्यावर सगळं धूड उचलून थोडं सरकवायचं, पुन्हा तळावर बसायचं, पाय पुढे घ्यायचे. तिच्या जातीच्या, पण लहान, ड्रॅगलाइन आपल्याकडे सिंगरौलीच्या खाणींत आहेत. 'पॅसिफिक रिम'चा नायक-यंत्रमानव जिप्सी डेंजर ७९ मीटरचा, म्हणजे उंचीत फार पुढे नाही. वजन मात्र १,९८० टन सांगतात, आणि इथे निर्मात्यांची फजिती होते. माणसालाच वाढवून ७९ मीटरचा केला तर त्याचं घनफळ ६,९०० घनमीटर भरतं, आणि जिप्सी तर त्याहून आडदांड. म्हणजे त्याची घनता पाण्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून कमी. छातीभर समुद्रात उभा राहून तो लढताना दाखवलाय. आत पाणी शिरलं नाही, तर तो लाकडाच्या ओंडक्यासारखा तरंगेल.

बिग मस्की अशी बसत-सरकत का चालायची, यातच खरं उत्तर आहे. पहिली गोष्ट जमीन. कितीही भक्कम पोलाद वापरा, पाय ठेवायचा तो मातीवरच. गॉडझिलाचा तळवा पन्नास चौरस मीटरचा धरला, तर एका पायावर उभं राहताना चौरस मीटरमागे ४०० टन येतात. स्थापत्य अभियंत्यांच्या नेहमीच्या तक्त्यांत ग्रॅनाइटसारख्या किंवा आपल्या सह्याद्रीतल्या बेसाल्टसारख्या अखंड कातळाला सुमारे ३३० टन सुरक्षित भार धरतात; काळ्या मातीला पंधराएक टन. आणि हा महाशय किनाऱ्याला लागतो शिनागावाला, टोकियोच्या खाडीकाठच्या मऊ गाळावर आणि भरावावर! पहिल्याच पावलाला पाय रुतेल आणि तो काढायला दुसरा पाय रोवावा लागेल.

दुसरी गोष्ट पडण्याची. भांडणारा कधी ना कधी पडतोच. उभी वस्तू पायाशी कलंडली, तर तिचं टोक किती वेगाने आपटतं हे फक्त उंचीवर ठरतं, वजनाचा त्यात संबंध नाही. माणसाचं डोकं ताशी पंचवीसेक किलोमीटरने आपटेल, तर ७९ मीटरच्या यंत्रमानवाचं ताशी १७० किलोमीटरने. चित्रपटात चालकांची जोडी नेमकी त्या डोक्यातच बसवली आहे. योकोहामाच्या धक्क्यावर २०२० मध्ये उभा केलेला १८ मीटर उंच, २५ टनांचा 'गंडाम' यंत्रमानव हातपाय छान हलवायचा. पण त्याच्या अभियंत्यांनी त्याला मागच्या सांगाड्याला कमरेशी धरून ठेवलं होतं. पडण्याचा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, टाळला, आणि ते शहाणपणाचंच होतं.

यावर रोबोप्रेमींचं ठरलेलं उत्तर असतं, की उद्या आणखी भक्कम द्रव्य सापडेल. सापडू द्या. त्या वेगाने आदळताना डोक्याचं कवच अजिबात दबलं नाही, तर आतली माणसं क्षणात थांबतील आणि मरतील. त्यांना वाचवायचं तर पुढच्या चार-पाच मीटरचा चुराडा होऊ द्यावा लागेल, तेव्हा कुठे धक्का गुरुत्वाकर्षणाच्या पंचवीस-तीसपटीवर येईल. म्हणजे एकदा पडला की डोकं भंगारात, आणि चित्रपटात तर तो पडून पुन्हा उठतो. चालकांना कमरेपाशी बसवलं तर वेग निम्मा होतो, एवढाच फरक. चालक काढूनच टाकले, तरी पडणारं यंत्र त्याच वेगाने पडणार. पडूच नये असं यंत्र हवं असेल, तर उंची कमी करा, बूड रुंद करा, पाय एका वेळी इंचभरच उचला. मग ते खाणीत वर्षानुवर्षं चालेल, पण ठोसा मारणार नाही.