ट्रंक कॉल, पोलिसांचा वॉकीटॉकी आणि शेजारचा गोंगाट

ट्रंक कॉल आठवतोय ना? दोन शहरांमध्ये मोजक्याच लाइनी, त्या सगळ्यांनी मिळून वापरायच्या. पोलीस आणि अग्निशमन दल वापरतात त्या ‘ट्रंक्ड रेडिओ’चं नावही टेलिफोनच्या याच ट्रंक लाइनींवरून आलं.

आधी प्रत्येक खात्याची फ्रिक्वेन्सी वेगळी. एकाची दिवसभर रिकामी, दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सीवर तोंड उघडायला जागा नाही. ट्रंकिंगने सगळी चॅनेलं एकत्र केली. त्यातलं एक फक्त नियंत्रणासाठी. गप्प बसलेले सगळे सेट तेच ऐकत असतात. बटण दाबलं की विनंती कॉम्प्युटरकडे जाते. तो मोकळं चॅनेल शोधतो आणि त्या गटाचे सगळे सेट तिथे वळवतो. हे सगळं सेकंदभराच्या आत! बोलणं संपलं की चॅनेल परत सगळ्यांचं. सगळी भरलेली असली तर रांग लागते, पण आणीबाणीचं बटण दाबणाऱ्याला पुढे घेतलं जातं.

यंत्र हुशार आहे, प्रश्नच नाही. पण मुळात कोणाला कुठली फ्रिक्वेन्सी द्यायची, हे सरकार ठरवतं. अमेरिकेत तिथेच घोळ झाला.

१९७० च्या दशकात तिथल्या एफसीसीने टीव्हीची ७० ते ८३ ही चॅनेलं काढून घेतली आणि ८०० मेगाहर्ट्‌झचा पट्टा मोबाइल रेडिओसाठी खुला केला. त्यात पोलिसांची आणि टॅक्सी-ट्रकवाल्या खासगी सेवांची चॅनेलं एकाआड एक बसवली. तेव्हा दोघांचेही टॉवर उंच आणि मोजके, म्हणून निभावलं. १९८७ मध्ये सुरू झालेल्या फ्लीट कॉल, म्हणजे पुढच्या नेक्स्टेल, कंपनीने असे खासगी परवाने विकत घेतले आणि त्यांवर चक्क मोबाइल फोनचं जाळं उभं केलं. गल्लोगल्ली कमी उंचीचे टॉवर आले. त्यांच्याजवळ गेलं की पोलिसांच्या सेटला लांबच्या टॉवरचा क्षीण आवाज ऐकूच येईना. मदत मागणाऱ्या पोलिसासाठी हा जिवाशी खेळ होता.

२००४ मध्ये एफसीसीने आदेश काढला: दोघांना वेगळं करा, खर्च नेक्स्टेलने सोसावा. बदल्यात कंपनीला दुसरीकडे स्पेक्ट्रम मिळाला. तीन वर्षांचं हे काम अधिकृतपणे मिटायला २०२१ उजाडलं.

म्हणून आपल्या शहरात अशी यंत्रणा येईल तेव्हा फक्त ‘किती कोटींची?’ एवढंच विचारू नका. चॅनेलं किती, गर्दीच्या वेळी रांगेत पुढे कोण आणि शेजारच्या फ्रिक्वेन्सीवर कोण बसलंय, हेही विचारा.