खांद्यामागचा माणूस

रहाटणी-काळेवाडीच्या बाजूला तासावर पीसी मिळणारे गेमिंग कॅफे भरलेले असायचे, तेव्हा काउंटर-स्ट्राइक १.६ ची कॉपी बहुधा नॉन-स्टीम असायची. म्हणजे फुकटातली. व्हॉल्व कंपनीचं व्हॅक हे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर २००२ पासून होतं, पण अशा कॉपीला त्याचं संरक्षण नव्हतं. वॉलहॅक लावणाऱ्याला पकडायचा तो मागे उभा राहून आपल्या नंबरची वाट बघणारा पोरगा. स्क्रीन त्याच्या समोरच असायची.

पोरं घरून खेळू लागली आणि हा मागचा माणूस गेला.

वॉलहॅक चालतो कसा? भिंतीआडचा शत्रू तुम्हाला दिसत नाही, पण तो कुठे आहे हे गेमच्या सर्व्हरनं तुमच्या कॉम्प्युटरला आधीच कळवलेलं असतं. हॅक ती माहिती मेमरीतून उचलतो. पंकबस्टर, व्हॅक हे सुरुवातीचे पहारेकरी अँटीव्हायरससारखे होते: ओळखीच्या हॅकच्या खुणा शोधायच्या. हॅकवाला कोड थोडा बदलायचा, की खूण पुसली. म्हणून व्हॅक पकडल्यावर लगेच बॅन करत नाही, काही दिवस थांबतं. नेमकं काय सापडलं ते हॅक विकणाऱ्याला कळू नये म्हणून. ही युक्ती मला सगळ्यात आवडते.

ऑक्टोबर २०१८, शांघाय. एक्स्ट्रीमस्लँड स्पर्धेत ऑप्टिक इंडियाचा सामना व्हिएतनामच्या रेव्होल्यूशनशी चालू होता. ऑप्टिक ही अमेरिकेतली नावाजलेली संस्था. तिनं भारतीय पोरांना घेणं ही इथल्या खेळाडूंसाठी केवढी मोठी गोष्ट होती! सामना मध्येच थांबला. 'फॉरसेकन' नावानं खेळणाऱ्याचा पीसी तपासायला अ‍ॅडमिन आला, आणि तो खेळाडू घाईघाईनं फाइल उडवायची धडपड करताना व्हिडिओत दिसतो. फाइलचं नाव होतं वर्ड डॉट ईएक्सई. नेम आपोआप धरायला मदत करणारा हॅक, आणि नाव ऑफिसातल्या वर्डचं! जगभर मीम झाले. त्याच्यावर पाच वर्षांची बंदी आली.

मीममध्ये बाकीचे चौघे नव्हते. ऑप्टिकनं अख्खी भारतीय टीमच बंद केली. परदेशी संस्थेपुढे 'आम्ही भारतातून आलोय' म्हणताना त्यानंतर किती जणांना ती फाइल आठवली असेल!

२०२० मध्ये व्हॅलोरंटसोबत व्हॅनगार्ड आलं. ते विंडोज सुरू होतानाच, सिस्टीमच्या अगदी तळाशी जाऊन बसतं. गेम खेळा किंवा नका खेळू, ते जागंच. एका गेमसाठी एवढी किल्ली द्यायची? मला हा सौदा महाग वाटतो, पण हॅकर भेटल्यावर रडणारेही आपणच. व्हॅलोरंटचा सर्व्हर तर भिंतीआडच्या शत्रूची जागा शक्यतो पाठवतच नाही, त्यामुळे चोरायला फारसं उरत नाही. मग हॅकवाल्यांनी पीसीत वेगळं कार्ड बसवून दुसऱ्या कॉम्प्युटरवरून मेमरी वाचायला सुरुवात केली.

मोबाइलवर पबजीनं तर दहा-दहा वर्षांचे बॅन दिले. पोरांनी नवीन आयडी काढली.

आता बऱ्याच ऑनलाइन स्पर्धांत मोबाइल खेळाडूला दुसरा कॅमेरा लावावा लागतो. त्यात त्याचे हात आणि स्क्रीन दोन्ही दिसले पाहिजेत.